आधी उघडून दाखवा

"आधी उघडून दाखवा," अप्पा म्हणाले.

डॉक्टर तांबोळी मॅडमच्या तळहातावर काडेपेटीएवढं, गुळगुळीत, चंदेरी यंत्र होतं. ते नमुन्याचं. खरं यंत्र आत कपाटात सीलबंद होतं. अप्पांच्या नाकात ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, छातीवर वायरींचं जाळं, आणि हृदय निम्म्या गतीने चाललेलं, तेही त्याच्या मनात आलं तर. अशा अवस्थेत माझे वडील त्या यंत्राचे स्क्रू कुठं आहेत ते शोधत होते.

"काका, हा पेसमेकर उघडत नाही," मॅडम म्हणाल्या. "कायमचा बंद केलेला असतो. उघडला की संपला."

"म्हणजे कुणी उघडू नये अशी सोय करून ठेवलीय."

"आत रक्त जाऊ नये म्हणून."

"असं सांगतात." अप्पांनी यंत्र कानाशी नेऊन हलवून पाहिलं. "यात चिप असती?"

"असते."

"ती नोंद ठेवती?"

"ठेवते. तुमच्या ठोक्यांची."

"आणि ती नोंद बाहेर जाती? बिनवायरीची?"

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी 'नाही म्हणा, नाही म्हणा' असं सांगत होतो. पण त्या बाई सरळ होत्या.

"जाते," त्या म्हणाल्या. "तपासणीला आलात की आम्ही मशीन जवळ धरून वाचतो."

अप्पांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. गेली तीन वर्षं ते हेच तर सांगत होते. तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना संपूर्ण दुजोरा दिला होता, आणि तो हृदयरोगतज्ज्ञाने.

"मला बसवायचं नाही," अप्पा म्हणाले आणि यंत्र परत केलं. बिघाड सापडल्यावर गिऱ्हाइकाला वस्तू परत करावी, तसं.

अप्पांचं बार्शीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरातल्या सगळ्या बोलणाऱ्या वस्तू उघडून पाहिल्या. मग नवे पातळ टीव्ही आले. ते उघडायचे नव्हतेच, आख्खा बोर्ड फेकून नवा टाकायचा. दुकान बसलं. आणि अप्पा रिकामे बसून विचार करायला लागले की जे उघडता येत नाही, ते काहीतरी लपवत असणार. तिथपासून 'ते' आमच्या घरात आले. 'ते' म्हणजे कोण, हे अप्पांनी कधी सांगितलं नाही. ते नवीन वीजमीटरमधून ऐकायचे, मोबाईलमधून बघायचे, सेट-टॉप बॉक्समधून मोजायचे. आईचा मोबाईल घरात असताना पिठाच्या डब्यात असायचा. मावशीचा फोन आला की आई कोपरापर्यंत पांढरी व्हायची.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नकला करणारा. घरातही तेच. मीटरपुढं उभं राहून मी 'त्यांना' रोज भाजी काय केलीय ते सांगायचो. आई हसायची. अप्पा हसायचे नाहीत. ते मीटरवर टॉवेल टाकायचे.

आणि त्या दिवशी सकाळी ते गच्चीच्या जिन्यात कोसळले. बार्शीच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, सोलापूर गाठा, वाटेत चहाला थांबू नका.

मॅडम मला पडद्याबाहेर घेऊन गेल्या.

"हृदयाचा वरचा कप्पा आणि खालचा कप्पा, दोघांचं बोलणं बंद झालंय," त्या म्हणाल्या. "औषधावर ठोके ओढतेय. किती वेळ ओढता येईल सांगता येत नाही. मध्येच थांबलं तर थांबलं."

"तुम्ही घ्या ना आत. मी सही करतो."

"ते शुद्धीत आहेत. नको म्हणतायत. मी धरून-बांधून नाही करू शकत. तुम्ही समजावा."

समजावा! मी आत गेलो.

"अप्पा, लाखो लोकांना बसवतात हे."

"तेच तर."

"तुमच्या ठोक्यांचं काय करणारेत ते?"

"मला माहीत असतं तर मी इथं झोपलो असतो का?"

"मंत्र्यांनासुद्धा बसवलंय."

"मग कळलं का, मंत्री असं का वागतात?"

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं होतं. दगड बुडायचा आणि पाणी वर यायचं. एरवी मला मजा वाटली असती. पण डोक्यावरच्या मॉनिटरच्या पडद्यावर हिरवी रेघ चालली होती, आणि दोन उंचवट्यांमध्ये इतकं अंतर होतं की दर वेळी वाटायचं, पुढचा आता येत नाही. तो यायचा. मग मी श्वास सोडायचो. मग पुन्हा तेच.

घाबरलो की माझं डोकं नाटकी चालतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"अप्पा, एक लक्षात आलंय का तुमच्या? तुम्ही हे यंत्र नाकारलंत की उद्यापर्यंत संपता. मग त्यांची गुपितं जाणणारा बार्शीत राहिला कोण? म्हणजे तुम्ही नको म्हणावं, हीच त्यांची इच्छा."

अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डाव बसला असं मला वाटलं.

"हे तुला कसं सुचलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"असंच."

"त्यांची इच्छा काय आहे, हे तुला…"

वाक्य तिथंच थांबलं. डोळे उघडे, पण त्यात कुणी नव्हतं. हिरवी रेघ सरळ झाली आणि यंत्रानं एकच लांब सूर धरला.

सिस्टर मला ढकलून पुढं गेल्या. "काका! ओ काका!" त्यांनी छातीवर बुक्की मारली. मॅडम धावत आल्या, कुणीतरी सुई भरली, कुणीतरी पलंगाचं डोकं खाली केलं. मॅडमनी न बघताच माझ्या हातात संमतीचा कागद आणि पेन दिलं. "बेशुद्ध आहेत. करा सही, घेते आत."

मी कागद गुडघ्यावर धरला. त्या क्षणी मला दोन गोष्टी वाटत होत्या. अप्पा उठावेत, आणि माझी सही होईपर्यंत उठू नयेत. माणसाला असं वाटू शकतं हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मी 'यो' लिहिला. माझं नाव योगीराज. तेवढ्यात पडद्यावर एक उंचवटा आला, मग दुसरा, आणि अप्पांनी पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला. डोळे फिरले. छत, सिस्टर, मॅडम, मी. मग माझ्या हातातलं पेन. मग गुडघ्यावरचा कागद.

"काका, कुठं आहात सांगा," मॅडम म्हणाल्या.

"सोलापुरात. आणि या पोराला बाहेर काढा."

"तुमचा मुलगा आहे तो."

"माझा मुलगा सकाळपर्यंत होता."

मॅडमनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. माणूस शुद्धीवर आला होता, आता पुन्हा त्यालाच विचारायला लागणार होतं. कागदावर नुसता 'यो' राहिला.

"अप्पा, काहीतरीच काय बोलताय?"

"लांबून बोल." त्यांचा आवाज चिरका झाला होता. अंगावरची चादर त्यांनी हनुवटीपर्यंत ओढली. माझे वडील, ज्यांनी मला उघड्या टीव्हीतल्या करंटची भीती घालवायला शिकवलं, ते माझ्यापासून चादरीमागं लपत होते. "योगीराज पाच वर्षांचा असताना त्यानं दुकानातल्या टीव्हीत काय घातलं होतं?"

"पोळी."

"कुठून?"

"मागच्या फटीतून. बातम्या देणाऱ्या बाईंना भूक लागली असेल म्हणून."

"भाजी?"

"भाजी नव्हती. गूळ होता."

सिस्टरच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. मला आशा वाटली. अप्पांनी डोळे बारीक केले.

"टीव्ही चालू होता तेव्हा," ते म्हणाले. "म्हणजे त्यांनीही बघितलं असणार."

मी जे जे सांगेन ते कुठल्या ना कुठल्या यंत्रासमोर घडलेलं होतं. आमचं घरच तसं होतं. मी माझ्या बापाचा मुलगा आहे हे सिद्ध करायला माझ्याकडं एकही अशी आठवण नव्हती जिच्या खोलीत प्लग नव्हता.

"बाहेर थांबा थोडं," मॅडम मला म्हणाल्या. "त्यांना त्रास होतोय."

आई बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"काय झालं?"

"अप्पा म्हणतात, मी त्यांचा मुलगा नाही."

"मग कुणाचा?"

"त्यांचा. त्या 'त्यां'चा."

"म्हणजे माझ्यावर पण आळ आला की," आई म्हणाली.

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नाही. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडं बघत बसलो. भिंतीवर धूम्रपान करू नका असं लिहिलं होतं.

"त्यांचं सगळं खोटंय हे त्यांना पटायला पाहिजे," मी म्हणालो. "पटलं तरच सही करतील."

"तीन वर्षं पटवायलास की."

"मग काय करू?"

आईनं पिशवीचे बंद उगाच सोडले. मग म्हणाली, "मला पण वाटतं कधी कधी."

"काय?"

"पिठात फोन वाजतो ना, तेव्हा. वाटतं, खरंच कोण ऐकत असलं तर? पोटात गोळा येतो. तुला सांगितलं नाही, तू नकला करशील."

आमच्या घरात ती एकटी शहाणी, असं मी धरून चाललो होतो.

"मग तू काय करतीस?"

"काय करणार? त्याच पिठाची भाकरी थापते. गोळा पोटात असतो, भाकरी हातात असती." तिनं पिशवीचे बंद पुन्हा नीट केले. "गोळा जाईपर्यंत थांबले असते तर तुम्ही दोघं उपाशी मेला असता."

मी उठलो. काही ठरवून नाही. तिथं बसणं जमत नव्हतं एवढंच.

आत अप्पांनी मला बघितलं आणि चादर धरली.

"पुरावा आणलास?"

"नाही. पुरावा नाही माझ्याकडं."

मी पलंगापासून लांब, भिंतीशी स्टूल ओढून बसलो. सिस्टर सलाईन बघत होत्या. त्यांनी मला हाकललं नाही.

"अप्पा, ते यंत्र कुणाला काय सांगतं मला माहीत नाही. मॅडम म्हणतात नुसते ठोके. मला ते पटतं. पण आत बघितलेलं मी पण नाही."

अप्पांनी चादर आणखी वर ओढली.

"आणि मी तुमचा मुलगा आहे हे तुम्हाला आत्ता पटत नसलं तर राहू द्या. मी इथं बसतो फक्त. मघाशी रेघ सरळ झाली तेव्हा मी घाबरलो. अजून घाबरलोय. हे बघा."

मी हात पुढं धरला. तो थरथरत होता. अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. आधी संशयानं, मग निराळ्या नजरेनं. दुकानात कुणी चित्र हलणारा टीव्ही घेऊन आलं की ते असं बघायचे.

"कधीपासून होतंय?"

"सकाळपासून."

"सतत, का मधून मधून?"

"सतत."

"वर धरल्यावर वाढतंय?"

मी हात वर धरला. "वाढतंय."

"हं." त्यांनी चादरीखालच्या स्वतःच्या हाताकडं नजर नेली. "माझा पण होतोय. चादरीत हाय म्हणून दिसत नाही." मग म्हणाले, "तू नक्कल का नाही केलीस माझी? एवढा चान्स होता."

"सुचली नाही."

त्यांनी चादर थोडी खाली घेतली. डोळे मिटले. मी घाईनं रेघेकडं बघितलं. उंचवटा. मोकळी जागा. मोकळी जागा. उंचवटा.

"एक मास्तर होते," अप्पा मिटल्या डोळ्यांनी बोलायला लागले. "कुलकर्णी का किणीकर. रेडिओ घेऊन आले. म्हणाले, वैजिनाथ, सूर लागतो पण मागं खरखर येती, ती काढ. मी म्हणालो, थोडी राहणारच. ते म्हणाले, अजिबात नको. मी पण तेव्हा तुझ्याएवढाच. ईर्ष्येला पेटलो. हे बदल, ते बदल, इथं गाळ, तिथं गाळ. शेवटी काढली. एवढीशी खरखर नाही."

"मग?"

"गाणं पण नाही. रेडिओ मुका झाला लेका. गाणं आणि खरखर एकाच वाटेनं येतात, ती वाटच मी बुजवली होती." ते थांबले. श्वास जुळवला. "मग परत सगळं उलटं केलं. खरखर परत आणली. मास्तरांना म्हणालो, ही अशीच राहणार. तुम्ही गाणं ऐका."

"ऐकलं त्यांनी?"

"मरेपर्यंत. दर आठवड्याला शिव्या घालायला यायचे, पण ऐकायचे."

पडद्याआड कुणाचं तरी ताट खाली पडलं. आम्ही दोघंही दचकलो. अप्पांनी डोळे उघडले.

"हे जाईल का रे माझ्या डोक्यातनं? ते बघतायत, ऐकतायत, हे?"

मी खोटं बोलू शकलो असतो. मॅडमच्या सरळपणाचा संसर्ग झाला असावा.

"बहुतेक नाही."

"यंत्र बसवल्यावर वाढंल."

"वाढंल कदाचित."

"म्हणजे घेऊनच जावं लागणार आत."

"हो."

अप्पांनी विचार केला. चेहरा अगदी गंभीर. "मॅडम मला आणि या भीतीला, दोघांना घेतील का? एकाच खर्चात?"

मी हसलो का रडलो ते मला अजून सांगता येत नाही. नाकातून काहीतरी आवाज आला खरा. सिस्टर वळून बघायला लागल्या.

"पेन आण," अप्पा म्हणाले. "तुझं नको. मॅडमचं आण."

मॅडम आल्या. अप्पांनी संमतीचा कागद सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा. माझ्या 'यो'वर त्यांचं बोट थांबलं. तो खोडायला सांगतील असं मला वाटलं. त्यांनी त्याच्याच खाली सही केली. हात इतका हलत होता की वैजिनाथ हे नाव मधेच फुटून दोन माणसांचं वाटत होतं.

"काका, खात्री आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"अजिबात नाही," अप्पा म्हणाले. "चला लवकर."

त्यांना ढकलत नेताना मी बाजूनं चालत होतो. दाराशी त्यांनी माझं मनगट पकडलं. पकड गार होती आणि घट्ट होती, आणि मला ओळखून पकडलं की नुसता आधार म्हणून, हे मी विचारलं नाही. दार लागलं. वर लाल दिवा लागला.

मी आणि आई बाकावर बसलो. मला वाटलं होतं, सही झाली की भीती सुटेल. ती सुटली नाही, उलट ऐसपैस बसली. त्या दाराआड रेघ सरळ झाली तर आम्हाला इथं कळणारसुद्धा नव्हतं. समोरून माणसं जात होती, चहाच्या किटल्या जात होत्या. आईनं पिशवीतनं भाकरी काढली, अर्धी माझ्या हातात दिली. मी चावत राहिलो. घास उतरत नव्हता. तरी चावत राहिलो.

दुपार उतरल्यावर दिवा विझला. मॅडम बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "झालं. व्यवस्थित चाललंय." आईनं पिशवी जमिनीवर ठेवली. सकाळपासून पहिल्यांदा.

अप्पांना शुद्ध होती. चेहऱ्यावर रंग आला होता. डावा हात अंगाशी बांधलेला, गळ्याच्या हाडाखाली पांढरी पट्टी. पडद्यावर उंचवटे एकामागून एक, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखे चालले होते. मी त्यांच्याकडं इतका वेळ बघत राहिलो की अप्पांनी बोटानं मला जवळ बोलावलं.

मी वाकलो. त्यांनी उजवा हात सावकाश उचलला आणि पट्टीवर तळवा ठेवून ती झाकली. बोटं जुळवून, कुठं फट राहू नये अशी. मग माझ्या कानाशी पुटपुटले,

"गेली का रे तुझी भीती?"

"नाही."

"माझी पण नाही."

मग त्यांनी तळवा उचलला, घसा साफ केला आणि ज्या कुणाला ऐकायचं असेल त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चहा सांग. बिनसाखरेचा."

मी वळलो तर त्यांनी बाही धरली. तळवा पुन्हा पट्टीवर गेला.

"दोन चमचे."